वेग वाढला, म्हणजे बिघडली

सर्व्हिसिंगहून परत आल्यापासून माझ्या एअर रायफलचा आवाज वाढला होता. नळीतून धूर निघायचा. 10 मीटरवर रुपयाच्या नाण्यात बसणारे छर्रे आता बशीभर पसरत होते. मित्र खूश. "अरे, पॉवर वाढली की!"

क्रोनोग्राफ लावला. एरवी वेग सेकंदाला 268 मीटरच्या आसपास असतो. आता 301, 259, 294. ऑफिसात असा लॉग दिसला की मी आधी चहा घ्यायला जातो. कधी येणारा, कधी न येणारा बग सगळ्यात जास्त छळतो.

कारण मात्र साधं निघालं. स्प्रिंग सुटली की पिस्टन हवा क्षणात दाबतो आणि ती प्रचंड तापते. दुरुस्तीवाल्याने सिलिंडरमध्ये सढळ हाताने सोडलेलं तेल तिथेच पेट घेत होतं, डिझेल इंजिनसारखं. आता हिशेब बघा: 0.52 ग्रॅमचा छर्रा 301 मीटरने गेला तर साधारण 23.5 ज्यूल. आपल्याकडे 0.177 बोअरच्या रायफलला परवाना लागत नाही, पण फक्त 20 ज्यूलपर्यंत. म्हणजे थेंबभर तेलाने माझी रायफल कायद्याच्या पलीकडे नेऊन ठेवली होती.

आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते; क्लॅम्पशिवाय मागची पिन काढली तर सगळं तोंडावर येतं. भोसरीतल्या लेथवाल्या काकांकडून क्लॅम्प करून घेतला. सिलिंडर कोरडा पुसला, नवीन सील बसवलं, ग्रीस नखावर मावेल इतकंच.

267, 269, 268.

मित्र म्हणाला, "मजा गेली यार."