चप्पल निसटते, ते कळतं का?

पाय ओढत आलेल्या माणसाला मी आधी चपलेचं विचारतो. चालताना निसटते का? निसटली तर कळतं, की मागून येणारा सांगतो तेव्हा कळतं? बरोबर आलेले नातेवाईक एकमेकांकडे बघतात. सोलापूरहून एमआरआय करून आणलाय, फाइल हातात आहे, आणि डॉक्टर चपला काय विचारतोय! पण मज्जारज्जूच्या आजारात इतकं सांगून जाणारा प्रश्न मला दुसरा ठाऊक नाही. निसटते आणि कळतं, म्हणजे ताकद गेलीय. मेंदूकडून खाली येणारा मार्ग बिघडलाय. निसटते आणि कळतही नाही, म्हणजे पायाची खबर वर नेणारे तंतूही गेलेत. बुटांच्या देशातल्या पुस्तकांत हा प्रश्न मिळायचा नाही.

खाली येणारा मुख्य मार्ग मेंदूच्या पृष्ठभागावरच्या पेशींपासून निघतो. प्रत्येक बाजूला साधारण दहा लाख तंतू. मेंदूचा देठ संपतो तिथे त्यांतले ८५ ते ९० टक्के बाजू बदलतात. म्हणून मेंदूच्या डाव्या भागात गाठ अडकली की उजव्या अंगावरून वारं जातं. पुढे ते मज्जारज्जूतून उतरतात. हा रज्जू जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब, आणि कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतोही. मेंदूच्या देठातून निघणारे आणखी काही मार्ग शेजारूनच उतरतात. हे सगळे मिळून स्नायूंना नुसतं हाकत नाहीत, आवरतातही. बैलाचा कासरा जसा दोन्ही कामांना लागतो, तसं. आवरण्याचं बरंचसं काम त्या शेजाऱ्यांचं असतं. त्यामुळे मज्जारज्जू तुटला की पाय कायमचा लुळा राहत नाही, तो पुढे ताठतो. लोकांना हे पटवणं सगळ्यात अवघड.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मी सोलापुरात शिकाऊ डॉक्टर होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून गावं गाढ झोपलेली. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडावर पसरलेलं मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं झोपलेल्यांच्या पाठीवर बसली. लातूर जिल्ह्यातली किल्लारी आणि आसपासची गावं, आपल्या धाराशिव जिल्ह्यातली सास्तूर, होळी, पेठसांगवी. सुमारे दहा हजार माणसं गेली. जी ढिगाऱ्यातून निघाली, त्यांतल्या काहींचे मणके मोडलेले होते. हाताला येईल त्यात, चादरीच्या चार टोकांना धरून त्यांना उचललं गेलं, आणि दुसरं करणार तरी काय होते? पण मणका मोडलेला असून आतला रज्जू शाबूत असेल, तर चादरीत पाठ वाकली की तोही जातो. अशा माणसाला फळीवर किंवा दारावर, मान-पाठ एका रेषेत ठेवून घ्यायचं असतं.

पहिले काही आठवडे अशा रुग्णाचे पाय लोळागोळा असतात. गुडघ्यावर हातोडी मारा, काही होत नाही. मग एक दिवस चादर सरकवताना पाय झटकन आखडतो. आमच्या वॉर्डात एका पोराचा असा पाय हलला, तेव्हा त्याच्या भावाने कुंथलगिरीचे पेढे आणून सगळ्यांना वाटले. मी पेढा घेतला आणि त्याला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, की ही हालचाल मेंदूची नाही, मज्जारज्जूच्या खालच्या तुकड्याची आहे. त्याच्यावर आता कुणाचा वचक उरलेला नाही. तळपायावर किल्ली ओढली की अंगठा वर उठतो, तेही याचंच लक्षण. बाबिन्स्की नावाच्या पॅरिसच्या डॉक्टरने ते १८९६ साली सांगितलं. तान्ह्या बाळाचा अंगठाही वर जातो, कारण त्याचा मेंदूकडून खाली येणारा मार्ग अजून पुरता तयार झालेला नसतो. त्या दिवसांत मी हे इतक्या बायाबापड्यांना समजावलं, की अजूनही पेढ्याचा पुडा दिसला की आधी धास्ती वाटते.

आता मला दिसतात ते बहुतेक सावकाश ताठणारे पाय. भंडारा-चंद्रपुराकडे लाखोळी डाळीने असे पाय व्हायचे. दुष्काळात तीच एक डाळ महिनोन्‌महिने पोटात गेली की कात्रीसारखे एकमेकांवर येणारे, टाचा न टेकणारे. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. तो ताठरपणा परत जात नाही. आपल्याकडच्या कारणांचं तसं नाही, आणि म्हणूनच माझा जीव तुटतो. ‘वात’ म्हणून सहा-सहा महिने तेल चोळलेल्या पाठीत मणक्याचा क्षय निघतो. बनारसच्या डॉ. तुलींनी १९७५ मध्ये दाखवून दिलं, की अशा बऱ्याच रुग्णांना शस्त्रक्रिया लागतच नाही. औषधं नेटाने घेतली तर पाय गेलेली माणसंही उभी राहतात. ज्यांना लागते त्यांची करायची. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत.

दुसरं कारण बी-१२ची कमतरता. कापसावर चालल्यासारखं वाटतं, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांच्या पाहणीत दोनतृतीयांश पुरुषांत ते कमी निघालं. माळकरी माणसाला ते मिळायचं दुधातून. पण भूमकडे दूध खव्याच्या भट्टीवर जातं, बाकी ठिकाणी डेअरीला, आणि घरात उरतं चहापुरतं. अशा रुग्णाला ‘रक्त कमी आहे’ म्हणून नुसतं फॉलिक ॲसिड देत राहिलं तर रक्त सुधारतं आणि मज्जारज्जू बिघडत जातो. बी-१२चं इंजेक्शन स्वस्त आहे, गावातल्या दवाखान्यातही देता येतं. मात्र जे परत यायचं ते बहुतेक उपचारांच्या पहिल्या सहा महिन्यांत येतं, आणि दुखणं जितकं जुनं तितकं थोडं येतं.