वलांडीवरचा बोंबील आणि रॅकवरचा बेदाणा



या खेपेची नोंद बागेतली नाही, समुद्रकाठची आहे.

थोरली बहीण भाईंदरला असते. जानेवारीत तिच्याकडं दोन दिवस जाऊन आलो. मण्यात पाणी फिरायला आठवडाभर अवकाश होता आणि पोरगं बागेकडं बघत होतं, म्हणून जमलं. दुसऱ्या दिवशी दाजी म्हणाले, "मुंबई कशाला बघतोस, उत्तनला जाऊन ये. तुझ्यासारखंच काम चालतं तिथं." मला चेष्टा वाटली. द्राक्षवाल्याचं काम समुद्रावर कुठलं?

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनची बस मिळते. वाटेत मिठागरं लागतात, मग खाडीकडेनं रस्ता किनाऱ्याला जातो. मागं बघितलं तर उंच इमारती, पुढं बघितलं तर होड्या, चर्च आणि कोळीवाडा. बसमधून उतरलो आणि आधी वास आला. नंतर दिसल्या त्या वलांड्या.

वलांडी म्हणजे बांबू उभे-आडवे बांधून, दोर ताणून केलेला मांडव. त्याच्यावर हजारो बोंबील लटकलेले. बघून जागेवरच उभा राहिलो. आपल्या बेदाणा शेडचं रॅकच की हे! फक्त आपल्याकडं जाळी आणि वर छप्पर, इथं दोर आणि वर उघडं आभाळ.

एक वयस्कर मावशी टोपल्यातले बोंबील काढून दोरावर टाकत होत्या. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. ना चिमटा, ना सुतळी. हात इतका चालतो की आपली बाई घड विरळताना चालते तसा. मी म्हणलं, "मावशी, मी सांगली जिल्ह्यातला, तासगावकडचा. आम्ही द्राक्षं अशीच सुकवतो." त्यांनी वर बघितलं, हसल्या, म्हणाल्या, "मग बसा दादा, तुम्हाला सांगायला लागणार नाही."

बसलो, तो दोन तास.

बोंबील डोल जाळ्यात पडतो. हे जाळं ओढत न्यायचं नसतं. खुंटाला नाहीतर नांगराला बांधून समुद्रात लावायचं, तोंड पाण्याच्या ओढीकडं. पाणी येतं, मासा आत जातो, पाणी फिरायच्या आत जाळं उपसायचं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ जास्त, माल जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी मंद, माल कमी. आपण पंचांग पेरणीला बघतो, ते रोज बघतात. गडी समुद्रावर जातात, पण माल किनाऱ्याला लागला की पुढचं सगळं बाईच्या हातात. निवडणं, सुकवणं, विकणं, दर सांगणं.

बोंबलात शंभराला पंच्याऐंशी ते नव्वद भाग पाणी. मीठ न लावता निव्वळ ऊन आणि वाऱ्यावर तीन-चार दिवसांत सुकतो. मी आपलं सांगितलं. शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑईल, त्यात द्राक्षं बुडवायची, मग रॅकवर बारा ते पंधरा दिवस. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. ओलावा पंधरा-सोळा टक्क्यांवर आला की उतरवायचा. मावशी म्हणाल्या, "पंधरा दिवस? आणि मधे पाऊस आला तर?"

तिथंच माझी जखम उघडी पडली. गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला माझा निम्मा माल रॅकवर असताना वळीव आला. कडेचे पडदे सोडेपर्यंत वाऱ्यानं पाणी आत घातलं. पुढं चार दिवस ढग. माल काळा पडला, चिकटला, खालच्या रॅकला बुरशी. हिरव्या मालाच्या निम्म्या दरालाही कुणी विचारेना. पंचनाम्याला माणूस आला, त्यानं बाग बघितली. शेडकडं बोट केलं तर म्हणाला, याला रकाना नाही. विम्याचंही तेच. हवामान आधारित फळपीक विमा हा वेलीवरच्या द्राक्षाचा. वेलीवरून काढलं की ते पीक राहत नाही, आणि बाजारात जाईपर्यंत ते मालही धरला जात नाही.

हे सगळं मी तावातावानं सांगितलं. मावशी हात न थांबवता म्हणाल्या, "तुमच्याकडं नाही म्हणायला तरी माणूस आला."

मी गप्प झालो.

मग त्यांनी मे २०२५ चं सांगितलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. म्हणून मे महिन्यात सुकवलेला माल हा घराचा पावसाळा असतो. पोरांची फी, होडीची डागडुजी, जाळ्याचं सामान, सगळं त्यातून. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि २६ तारखेला तर मान्सूनच मुंबईत आला. भरल्या वलांड्या भिजल्या. भिजलेला बोंबील दोन दिवसांत सडतो. खायला जाणारा माल खताला आणि कोंबडीखाद्याला गेला. "होडी बुडाली तर लिहून घेतात. बोंबील भिजला तर कोण लिहिणार? तो समुद्रातपण नाही आणि बाजारातपण नाही."

माझंच वाक्य त्यांच्या तोंडून आलं.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा शेतीसारखं मिळावं हा त्यातला हेतू, आणि निर्णय चांगलाच आहे. पण मला परत येताना वाटत राहिलं, शेतीसारखं म्हणजे काय? आमच्या शेतीतच जे भोक आहे तेच त्यांच्या वाट्याला जायला नको. काढणी झाल्यापासून विक्रीपर्यंतचे दिवस सगळ्यात धोक्याचे. औषध, मजुरी, व्याज, सगळा खर्च तोवर झालेला असतो. आणि नेमके तेच दिवस कुठल्या कागदावर नाहीत.

कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं मासे सुकवायचे सौर ड्रायर बनवलेत. मावशींना विचारलं. म्हणाल्या, "चांगलं आहे, पण एका होडीचा माल बघा आणि त्या पेटीचं तोंड बघा." आपल्याकडं ड्रायरचं हेच होतं. माल टनात, यंत्र किलोत. कृषी अभियंते हे वाचत असतील तर त्यांनी याच्यावर डोकं लावावं.

एक गोष्ट मात्र मी उचलली. मावशींकडं शाळेची शंभर पानी वही आहे. कुठल्या तारखेला किती टोपल्या टांगल्या, किती उतरल्या, पाऊस कधी आला, किती माल गेला, सगळं लिहिलेलं. मी विचारलं, कुणी मागतं का? "आज नाही मागत. मागतील त्या दिवशी माझ्याकडं असेल."

इतकी वर्षं बेदाणा करतोय, माझ्याकडं फवारणीची वही आहे, शेडची नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा शेडच्या खांबाला वही टांगली. रॅकवर माल टाकल्याची तारीख, वजन, रोजचं तापमान आणि आर्द्रता, पाऊस आला तर वेळ, आणि तारखेसकट फोटो. बेदाणावाल्यांनी, कांदा-हळद वाळवणाऱ्यांनी एवढं या हंगामापासून करा. रकाना मागायला जायचं तर हातात आकडे पाहिजेत. शंभर जणांच्या वह्या एकत्र झाल्या तर नाही म्हणणं अवघड जाईल.

निघताना अर्धा किलो सुके बोंबील घेतले. दर त्यांनी सांगितला, मी घासाघीस केली नाही. आपल्या मालाचा दर आपण सांगतोय हे बघायलाच मला बरं वाटलं. वर मूठभर जास्त टाकले. घरी निखाऱ्यावर भाजून, ठेचून, भाकरीबरोबर खाल्ले.

यंदाचा माल नीट उतरला तर दोन किलो बेदाणा उत्तनला पाठवायचा शब्द देऊन आलोय. आभाळानं तेवढं सांभाळावं, माझंही आणि त्यांचंही.