हातोडा आणि टेप

उर्दू वर्तमानपत्रं धोकादायक इमारतीला 'मखदूश इमारत' म्हणतात. शब्द मूळचा अरबी. खरवडलेलं, ओरखडा पडलेलं असा त्याचा मूळ अर्थ. त्याच घराण्यातला दुसरा शब्द 'खदशा', म्हणजे मनातली धास्ती. मराठीतला 'धोकादायक' हा शब्द इमारतीबद्दल बोलतो. 'मखदूश' मात्र भिंतीवरचा ओरखडा आणि आत राहणाऱ्याच्या मनातली भीती दोन्ही एकदम सांगतो. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे असे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहायची सवय लागली आहे. पण हा शब्द मला वर्गापेक्षा मोहल्ल्यातच जास्त भेटतो.

पावसाळा तोंडावर आला की महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते आणि नोटिसा वाटते. नोटीस मराठीत असते आणि ज्यांच्या दारावर चिकटते त्यांतल्या अनेकांचं वाचन उर्दूत झालेलं असतं. शिवाय महापालिकेचा माणूस दिवसा येतो. तेव्हा पुरुष कामावर असतात, दार बायका उघडतात. मग त्या तो कागद घेऊन माझ्याकडे येतात. 'सदर इमारत राहण्यास योग्य नसल्याने ती तात्काळ रिकामी करावी, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस महानगरपालिका जबाबदार राहणार नाही,' अशा धाटणीचं ते वाक्य असतं. मी ते सोपं करून सांगते. सगळं ऐकून घेतल्यावर जवळपास प्रत्येक बाई एकच प्रश्न विचारते, "आपा, इसमें जाने का कहाँ, वो लिखा है क्या?"

ते लिहिलेलं नसतं.

नोटीस आणणाऱ्या माणसाबद्दल आमच्याकडे दोनच मतं आहेत. एक, तो पैसे खायला आला. दोन, तो बिल्डरने पाठवला. माझा एक जुना विद्यार्थी एका महापालिकेत कनिष्ठ अभियंता झाला नसता, तर तिसरं मत मलाही कदाचित सुचलं नसतं. इमारत कशी तपासतात ते त्याच्याकडून मी बरंच शिकले.

तो सांगतो, पहिल्यांदा रंग आणि प्लास्टर विसरायचं. प्लास्टरची बारीक जाळीदार भेग दिसायला भयंकर असली तरी ती बहुतेक वेळा वरवरची असते. खांबावरची उभी भेग पाहायची. काँक्रीटच्या आतल्या लोखंडी सळईला ओल लागून गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो काँक्रीटला आतून बाहेर ढकलतो आणि सळईच्या रेषेत खांब उभा फाटतो. मग टवके पडतात आणि तांबूस सळई उघडी दिसते. छोट्या हातोड्याने ठोकलं की निरोगी काँक्रीट टणक वाजतं, सुटलेलं पोकळ वाजतं. स्लॅब कुठे झुकलाय, गच्चीवर पाणी साचतं का, संडास-मोरीची गळती किती वर्षांची आहे, दारं अचानक घट्ट बसू लागली आहेत का, हे सगळं तो विचारतो. भेग वाढते आहे का हे पाहायला तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवतात. पट्टी तडकली की इमारत हलते आहे.

पुढचं काम संरचना अभियंत्याचं, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचं. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं ते करून घेणं महापालिका कायद्याने मालकावर आणि रहिवाशांवर बंधनकारक केलं आहे. त्यावरून इमारतीचा वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. सी-२बी म्हणजे माणसं आत राहत असताना दुरुस्ती होऊ शकते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. या चारांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण मोहल्ल्यात चारही नोटिशींचा अर्थ एकच लागतो, 'घर खाली करो.' सी-३ वाला विनाकारण घाबरतो आणि सी-१ वाला त्याच्याकडे बघून म्हणतो, त्याला पण आली होती, काय झालं? अजून उभाच आहे ना?

लोक का हलत नाहीत याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. ज्याने पागडी भरली आहे किंवा मोठी अनामत देऊन खोली घेतली आहे, त्याच्याकडे त्या खोलीशिवाय दुसरी पुंजी नसते. बाहेर पडलं की ताबा गेला आणि ताबा गेला की हक्क गेला, हे त्याने दहा ठिकाणी पाहिलेलं असतं. मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या रहिवाशांसाठी म्हाडाची संक्रमण शिबिरं तरी आहेत. आमच्या भागात 'नातेवाइकांकडे जा' हेच शिबिर. भाड्याने दुसरी खोली शोधायची तर नवी अनामत, मुलांची शाळा लांब आणि आडनाव ऐकून दार बंद करणारे वेगळेच. त्यामुळे माणूस हिशेब करतो. इमारत पडायची तर कधीतरी पडेल, घर मात्र आजच जाईल.

या हिशेबात आणखी एक आकडा असतो, तो महापालिकेने स्वतः टाकलेला असतो. ज्या कार्यालयाचा माणूस आज 'तुमची इमारत पडेल' म्हणतो, त्याच कार्यालयाला शेजारच्या गल्लीत मंजूर नकाशाशिवाय चढलेले तीन मजले दिसत नाहीत. नियमाप्रमाणे इमारत एका कागदावर उभी राहत नाही. आधी नकाशा मंजूर होतो, मग प्रारंभ प्रमाणपत्र मिळतं, जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी होते आणि सगळं ठीक असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे इमारतीच्या आयुष्यात महापालिकेचा माणूस अनेकदा यायला हवा. प्रत्यक्षात तो सुरुवातीला येत नाही किंवा येऊन काहीच न लिहिता जातो आणि तीस-चाळीस वर्षांनी एकदम नोटीस घेऊन उगवतो. मग त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. ती जुनी नव्हती, नवी कोरी होती. परवानगी नव्हती, वरचं बांधकाम चालूच होतं आणि खाली माणसं राहायला आली होती. ७४ जण गेले. त्या प्रकरणात महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. २१ सप्टेंबर २०२० ला भिवंडीत जिलानी इमारत पहाटे, माणसं झोपेत असताना कोसळली. अनेक जण गेले. मुंबई उच्च न्यायालयाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल दिला. बेकायदा बांधकामांबाबत अधिकाऱ्यांच्या जबाबदारीचा प्रश्न त्यातून ठळकपणे पुढे आला.

या दोन इमारती मी एकत्र ठेवून पाहते. न पाहिलेला एक बेकायदा मजला दोनदा जीव घेतो असं मला वाटतं. एकदा तो स्वतः पडतो तेव्हा. आणि दुसऱ्यांदा, त्याच्याकडे केलेल्या काणाडोळ्यामुळे पुढच्या खऱ्या नोटिशीवर कुणी विश्वास ठेवत नाही तेव्हा. लाच घेणारा निरीक्षक फक्त एक इमारत विकत नाही, आपल्या प्रामाणिक सहकाऱ्याचा शब्दही विकतो.

हे काम काही आजचं नाही. जुन्या मुस्लिम शहरांत 'मुहतसिब' नावाचा अधिकारी असे. आपल्याला तो वजनमापं तपासणारा म्हणून माहीत आहे. चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दूनने 'मुकद्दमा'मध्ये त्याच्या कामांची यादी दिली आहे. हमालांना आणि नावाड्यांना जास्त बोजा लादू न देणं, वाटसरूंवर कोसळू शकतील अशा इमारती मालकांना पाडायला लावणं आणि पोरांना फार मारणाऱ्या शिक्षकांना आवरणं, ही सगळी कामं त्यात एकाच ओळीत येतात. शिक्षक म्हणून ते वाचताना मला आधी हसू आलं, मग विचार आला. या सगळ्यांत समान काय? ज्याच्या अंगावर पडणार आहे त्याच्या हातात काही नसतं, म्हणून त्याच्या वतीने पाहायला कुणीतरी नेमलेला असतो. मुहतसिब कुणी तक्रार करायची वाट पाहत नसे, त्याने फिरून पाहायचं असे. बीट निरीक्षकाचं कामही तेच आहे, फक्त आपण त्याला 'पालिकेचा माणूस' म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आठवीतल्या एका मुलीच्या इमारतीला सी-१ ची नोटीस आली. खाली शिलाईचा कारखाना, वर तीन मजले, सगळे भाडेकरू. तिची आई तो कागद घेऊन आली आणि नेहमीचाच प्रश्न विचारला. मी माझ्या जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याने एक गोष्ट सांगितली, जी नोटिशीत कुठे ठळक लिहिलेली नव्हती. इमारत रिकामी करण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाच्या ताब्यातल्या जागेची मोजणी करून त्याची नोंद महापालिकेने ठेवावी, अशा शासनाच्या सूचना आहेत. उद्या तिथे नवी इमारत झाली तर हक्क सांगायला हा कागद लागतो. "आपा, त्यांना सांगा, मोजून घेतल्याशिवाय चावी देऊ नका आणि मोजून झाल्यावर एक रात्रही थांबू नका."

रहिवाशांनी मिळून अर्ज केला. तीन खेपा झाल्या, चौथ्या खेपेला एक निरीक्षक टेप घेऊन आला. खोली, मोरी, माळा, सगळं मोजलं. नावं विचारून लिहिली, एका म्हातारबाबांचं नाव चुकलं ते खोडून पुन्हा लिहिलं. शिक्क्याचा कागद हातात पडल्यावर चौदापैकी अकरा कुटुंबं पावसाच्या आत निघाली. ज्या माणसाच्या हातोड्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता, त्याच्या टेपवर ठेवला. तीन कुटुंबं मात्र थांबली. त्यांना जायला खरंच कुठे नव्हतं. पुढे वीज-पाणी तोडल्यावर तीही गेली. ती कुठे आहेत ते मला माहीत नाही. त्यांतला एक मुलगा आमच्या शाळेत होता, त्याचा दाखला न्यायलाही कुणी आलं नाही.

आपल्या बाजूचंही बोलायला हवं. खोली घेताना आपण पाण्याला दाब किती, मशीद किती लांब हे विचारतो. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे किती जण विचारतात? नोटरीच्या कागदावर पंचवीस लाख देतो आणि मंजूर नकाशा पाहायला मागत नाही. गच्चीवर जादा खोली चढताना सगळी इमारत बघते आणि 'आपल्याला काय' म्हणते. जुम्याच्या नमाजनंतर हरवलेल्या पाकिटाचीही घोषणा होते. मग धोकादायक इमारतींची यादी, कुठला वर्ग म्हणजे काय आणि मोजणीचा अर्ज कुठे द्यायचा, हे उर्दूत वाचून दाखवायला काय हरकत आहे? दोन मिनिटं लागतील.

मी माझ्या परीने एक केलं आहे. मराठीच्या तासाला अर्जलेखन शिकवावंच लागतं. पूर्वी मी 'रस्त्यावरील कचऱ्याबाबत तक्रार' हा विषय द्यायचे. आता 'आमच्या इमारतीचा वर्ग कळवणे व जागेची मोजणी करणेबाबत' हा देते. प्रति, माननीय सहायक आयुक्त, इथपासून आपला विश्वासू इथपर्यंत. काही मुलं व्याकरणात चुकतात, 'संरचनात्मक' तर कुणालाच धड लिहिता येत नाही. गेल्या वर्षी सहा मुलांनी तो अर्ज वहीत न ठेवता खरोखर प्रभाग कार्यालयात नेऊन दिला आणि पोच घेऊन आली. दोन इमारतींना उत्तर आलं, दोन्ही सी-२बी. दुरुस्ती करा, घर सोडायची गरज नाही. बाकीच्या चार पोचपावत्या माझ्या कपाटात आहेत. पाऊस सुरू होण्याआधी मुलांना घेऊन एकदा जाऊन यायचं आहे.