झाशीचा दगड आणि भीमकुंडाचं पाणी

झाशी म्हटलं की आपल्याला आधी राणी लक्ष्मीबाई आठवतात, मग किल्ला. पण किल्ल्यावर गेलात तर पायाखालच्या दगडाकडेही एकदा बघा. ओरछाचे राजे वीरसिंहदेव यांनी १६१३ मध्ये हा किल्ला बांधला, पुढे पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी तो वाढवला. ज्या टेकडीवर तो उभा आहे ती ग्रॅनाइटची. वय साधारण २५० कोटी वर्षं!

शत्रूला अडवायला हा दगड उत्तम, पण पाण्याच्या बाबतीत भारी कंजूष. तप्त शिलारस जमिनीखाली सावकाश थंड होऊन तो तयार झाला. त्याचे कण एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, मग पाणी शिरणार कुठून? ते फक्त भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या मुरमात साठतं. त्यामुळे इथल्या विहिरी उन्हाळ्यात लवकर तळ गाठतात. जुन्या राजांनी बुंदेलखंडात ठिकठिकाणी तलाव बांधले, ते उगीच नाही. झाशीजवळचा बरुआसागर त्यातलाच एक.

पण सगळा बुंदेलखंड असा नाही. झाशीहून छतरपूरमार्गे बिजावरकडे गेलात की दगड बदलतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ साचला. मॅग्नेशियमने भरलेलं पाणी त्या गाळातून झिरपत राहिलं आणि चुनखडीतल्या कॅल्शियमपैकी जवळजवळ निम्म्याची जागा मॅग्नेशियमने घेतली. असा तयार झालेला खडक म्हणजे डोलोमाइट.

गंमत पुढेच आहे. मॅग्नेशियमचा कण कॅल्शियमपेक्षा लहान. त्यामुळे नवे स्फटिक कमी जागेत बसतात. हिशोबाने आकारमान सुमारे १२-१३ टक्के घटू शकतं आणि मध्ये बारीक पोकळ्या उरतात. पुढे त्यातल्या काही बुजतात, पण खडकाला भेगा पडल्या की पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी त्यात शिरतं आणि दगड विरघळवत वाटा रुंद करतं. जगातल्या कित्येक तेलक्षेत्रांत खनिज तेलही डोलोमाइटच्या अशाच पोकळ्यांत साठलेलं आहे.

याच भागात बाजना नावाचं गाव आहे. भूवैज्ञानिक इथल्या खडकाच्या थराला 'बाजना डोलोमाइट' म्हणतात. याच पट्ट्यात गुहेतलं भीमकुंड आहे. पायऱ्या उतरून गेलं की निळंशार, नितळ पाणी आणि डोक्यावर छताला पडलेलं मोठं भोक! द्रौपदीला तहान लागली म्हणून भीमाने गदा मारून हे पाणी काढलं, असं गावकरी सांगतात.

मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा आणखी एक सांगा. वाळूच्या थरातून पाणी गाळून निघतं, तसं ते अशा मोकळ्या वाटांतून गाळलं जात नाही. कुंडात टाकलेला साबण किंवा निर्माल्य पाण्याबरोबर आतल्या आत दूर जाऊ शकतं, कदाचित कुणाच्या तरी विहिरीपर्यंत. ग्रॅनाइटच्या गावात पाणी साठवावं लागतं आणि डोलोमाइटच्या गावात ते स्वच्छ ठेवावं लागतं. तेव्हा भीमकुंडाला जाल तर डोळे भरून बघा, फोटो काढा, पण पाण्यात काही टाकू नका.