सहारातला सरो

उर्दू गझलेतला सरो नेहमी सडपातळ आणि ताठ. माशूकच्या बांध्याला त्याचीच उपमा. याच सरोचा एक भाऊबंद अल्जीरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, सहाराच्या वाळवंटात उभा आहे. त्याला पाहून कुणा शायराला ती उपमा सुचली नसती. जाडजूड पिळदार खोड, वाळून गेलेल्या फांद्या. तिथले तुआरेग लोक त्याला ‘तारूत’ म्हणतात.

खजुरांच्या बागांचं जानेत हे गाव, आणि त्याच्या पाठीशी तासिली नाज्जरचं पठार. वर गाडी जात नाही; सामान गाढवांवर आणि माणसं पायी. चढण संपली की ताम्रितच्या दरीत हे वृक्ष भेटतात. तासिली म्हणजे नद्यांचं पठार, पण आज तिथं वर्षाला जेमतेम 30 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणात तेवढा एका सरीत पडून जातो! कपारींतल्या हजारो वर्षांच्या चित्रांत मात्र गुरांचे कळप आहेत, जिराफ आहेत. तारूत त्या हिरव्या सहाराचा उरलेला साक्षीदार. काही झाडं 2000 वर्षांहून जुनी मानतात; म्हणजे उक्बा बिन नाफे यांनी कैरवान वसवलं, तेव्हाही ती वयस्करच होती.

कॅप्टन दुप्रे या फ्रेंच अधिकाऱ्याने 1924 मध्ये या झाडाची खबर दिली, म्हणून शास्त्रीय नावात तो बसला. तुआरेगांना त्याचं लाकूड कधीपासून ठाऊक होतं, हे त्या नावात कुठे दिसत नाही. 2001 च्या सुमारास मोजणी झाली, तेव्हा 233 झाडं जिवंत होती. म्हातारी आहेत, पोरं नाहीत. रोप उगवलंच तर कोरड पडते, नाहीतर जनावरं खातात.

याच्या बीची तऱ्हाही न्यारी. निम्मा वाटा आईचा, निम्मा बापाचा, असं आम्ही वर्गात शिकवतो. तारूतच्या बीमधला गर्भ मात्र नुसत्या परागकणातून घडतो. मादी फूल फक्त त्याला पोसतं. फ्रान्सच्या संशोधकांनी 2001 मध्ये हे दाखवून दिलं. तारूतचे पराग त्यांनी भूमध्य सागराकाठच्या साध्या सरोवर टाकले, आणि त्या परक्या आईच्या काही बियांतून निखळ तारूतची रोपं आली. तारूतच्या स्वतःच्या बिया बहुतेक पोकळ निघतात, त्यामुळे या दूधआईचा मोठा आधार.

पठारावर मात्र अशा रोपाला पहिले काही उन्हाळे पाणी घालावं लागेल, आणि शेळ्या येणार नाहीत असं कुंपण.