उजेडालाही माप असते



कृषी विस्ताराच्या नोकरीत घाटनांदूरच्या शिवारात बांधावर उभे राहून "युरिया मोजून टाका" हे मी किती वेळा सांगितले, त्याला गणती नाही. तेच माप मी स्वतःच्या घरात विसरलो. त्याची ही हकीकत.

धाकट्या लेकीने माशांसाठी काचेची टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी साधारण ५५ लिटर. तीत डासांच्या अळ्या खाणारे आठ गप्पी मासे आणि विहिरीतली हायड्रिला. घरात उजेड कमी, म्हणून हायड्रिला पिवळी पडून लांबोडकी झाली. मी आधी जुना पिवळा बल्ब लावला. त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते. पाणी कोमट झाले. मग बाजारातून ५० वॅटचा भगभगीत एलईडी दिवा आणला आणि पहाटेपासून रात्री दहापर्यंत चालू ठेवला.

पंधरा दिवसांत पाणी हिरवेगार! पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले. पाच मासे गेले. लेक एवढेच म्हणाली, "अण्णा, लोकांना मोजून टाका सांगता, आणि इथं?" मला उत्तर सुचले नाही.

चूक कुठे झाली? जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, तेच पिकाची वाढ ठरवते, हा लीबिगचा नियम आम्ही कॉलेजात शिकलो. उजेड वाढवला, पण त्या मानाने बाकीचे अन्न हायड्रिलाला मिळाले नाही. उरलेल्या उजेडावर शेवाळ माजले. शेवाळ दिवसा प्राणवायू देते, पण रात्री तोच ओढून घेते. म्हणून मासे पहाटे गुदमरले.

आता दिवा निवडताना मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, वॅट नव्हे, ल्यूमेन. वॅट म्हणजे विजेचा खर्च, ल्यूमेन म्हणजे उजेड. एवढ्या टाकीतल्या साध्या वनस्पतींना हजारेक ल्यूमेन, म्हणजे १० ते १२ वॅटची एलईडी पट्टी पुरते. दुसरी, रंग. पाने तांबडा आणि निळा प्रकाश जास्त वापरतात. खोक्यावर ६५०० केल्व्हिन लिहिलेल्या पांढऱ्या दिव्यात दोन्ही असतात. तिसरी, तास. सुरुवातीला सहा, पुढे फार तर आठ. विसरभोळ्या माणसाने टायमर लावावा. टाकी उन्हाच्या खिडकीत ठेवू नये.

तुम्ही म्हणाल, साहेब, आम्हाला काचेच्या टाकीचे काय? पण २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून कितीतरी तळी झाली आणि काहींनी त्यांत रोहू-कटला सोडले. तिथे सूर्य आपल्या हातात नाही, खत मात्र आहे. तळ्यात हात सरळ खाली घाला. कोपर बुडण्याआधीच तळवा दिसेनासा झाला आणि पाणी हिरवे असेल, तर शेण टाकणे थांबवा. पहाटे मासे वर तोंड काढत असतील, तर लगेच ताजे पाणी सोडा.

उरलेल्या तीन गप्पींना आता पिल्ले झाली आहेत. दिवा संध्याकाळी लेकच लावते. मला हात लावू देत नाही. आणि तिचे बरोबरच आहे.