कामगार म्हणवून घ्यायचे कुणी?

आमच्या रहाटणीत नव्या माणसाची ओळख झाली, की गाव-आडनावामागोमाग प्रश्न येतो, "आपण वर्कर की स्टाफ?" पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या या वस्तीत या दोन इंग्रजी शब्दांनी एक नवी वर्णव्यवस्थाच बसवली आहे म्हणाना! वर्करच्या वाट्याला यंत्र, तेल आणि पाळी. स्टाफच्या वाट्याला टेबल आणि खुर्ची. म्हणूनच शेजारच्या गृहस्थांना 'सुपरवायझर' हा हुद्दा मिळाला, तेव्हा पगार किती वाढला हे कुणी विचारले नाही. वहिनींनी घरोघर पेढे वाटले. काम मात्र पूर्वीचेच, त्याच यंत्रावर!

कायद्याच्या पोथीत या शब्दांचे वजन निराळे आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला 'वर्कमन' म्हणजे केवळ यंत्रावरचा माणूस नव्हे. कारकूनही त्यात आला. नोकरीवरून काढले, तर या कायद्याखाली दाद मागायची ती वर्कमननेच. देखरेख करणारा ठराविक पगाराच्या वर गेला, की तो या छत्राबाहेर. ही मर्यादा १९५६ साली ५०० रुपये ठरली, पुढे १,६०० झाली, २०१० मध्ये १०,०००. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने 'वर्कमन'चा 'वर्कर' केला आणि मर्यादा १८,००० वर नेली.

म्हणजे ज्या शब्दातून सुटलो म्हणून पेढे वाटायचे, संकटात आसरा त्याच शब्दाचा! सुदैवाने न्यायालये दारावरची पाटी पाहत नाहीत. माणूस मुख्यतः कोणते काम करतो, ते पाहतात. नुसत्या हुद्द्याने कामगारपण जात नाही. मी शेजाऱ्यांना एवढेच सुचवले, की रोजच्या कामाचे कागद जपून ठेवा.

आम्हा मास्तरांची कथा तर आणखी न्यारी. शिक्षणसंस्थाही 'उद्योग' ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली म्हटले. पुढे गोव्यातल्या एका शिक्षिकेची नोकरी गेली आणि तिचे प्रकरण त्याच न्यायालयात पोहोचले. १९८८ साली निकाल लागला: शिकवणे हे ना अंगमेहनतीचे काम, ना कारकुनी, ते थोर कार्य. सबब शिक्षक 'वर्कमन' नव्हे!

शाळा उद्योग, पण शिकवणारी कामगार नाही! मान मिळाला, दार मात्र बंद झाले. तेव्हा वाचकहो, घरातल्या कुणाला 'वर्कर' म्हटले, तर नाक मुरडू नका. मोठ्या नावाने छाती फुगते; पोट सांभाळायला कधी कधी हा साधा शब्दच उपयोगी पडतो.